मोटेच्या दगडापुढचा हात

संग्राम पवारांनी शर्टाची खालची तीन बटणं काढली आणि पोट आत ओढलं.

"ओढू नका काका," झोया म्हणाली. "आहे ते पोट हवंय."

"आहे ते पोट तेव्हा नव्हतं गं. दहा वर्षांचा होतो. लांबूनसुद्धा बरगड्या मोजता यायच्या."

"यंत्राला ते कळतं. श्वास सोडा."

संग्राम पवारांनी श्वास सोडला आणि खुर्ची करकरली. विट्याच्या स्मृतिकेंद्रात सकाळचे नऊ वाजले होते. केंद्र म्हणजे जुन्या दवाखान्याच्या दोन खोल्या. बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ गावातल्या बंद पडलेल्या बेकरीचा वास नोंदवायला आले होते, आणि त्यांच्यानंतर एका बाईंना आजीच्या गोधडीचा स्पर्श हवा होता. अशा कामांचं आता कुणाला नवल वाटत नसे. रेशनकार्डावर नाव चढवायला यावं तशी माणसं येत, टोपी घालत, आठवत आणि घरी जात.

कोपऱ्यातल्या स्टुलावर शर्वी तोडकर बसली होती. तिच्या वहीत एकेचाळीस नावं होती. चाळीस नावांपुढे खूण झाली होती आणि संग्राम पवार शेवटचे.

झोयाने त्यांच्या डोक्यावर तारांची जाळीदार टोपी बसवली. मग रबरी ठसा घेऊन पोटावर इकडेतिकडे हलकं दाबलं. त्वचेला झालेला स्पर्श मेंदूत कुठे उमटतो, हे प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. आधी आजचा स्पर्श नोंदवला की जुना ओळखता येतो. माणूस स्पर्श आठवतो तेव्हा मेंदूतल्या त्याच जागा पुन्हा जाग्या होतात, फक्त फार मंद. यंत्राला तेवढं पुरे.

"आता डोळे मिटा," झोया म्हणाली. "विहिरीत उतरा."

संग्राम पवारांनी डोळे मिटले. द्राक्षांच्या शीतगृहाचा मालक, साडेसहा फुटी माणूस, एकाएकी पाय जवळ घेऊन बसला. "गार आहे हो," तो पुटपुटला.

पडद्यावर करडा धुरळा उठला आणि त्यातून हळूहळू एका तळव्याचा आकार वर आला. चार बोटं जवळ, अंगठा लांब, करंगळी जराशी आत वळलेली. शर्वी स्टुलावरून उठली. हा आकार तिने चाळीस वेळा पाहिला होता. तरी ती उठली.

शर्वीचे वडील हणमंत तोडकर, गावाचे अण्णा, नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. पेठेपेठेत पाणी सोडायचं, बंद करायचं. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ ते खडकविहिरीवर पोरांना पोहायला शिकवत. गावात इतर लोक पोरांच्या पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधत. अण्णांना ते पटत नसे. डबा बांधला की पोरगं डब्याचं होतं, म्हणायचे. ते स्वतः पाण्यात उतरत, पोराच्या पोटाखाली एक तळवा धरत आणि या काठाच्या पायऱ्यांवरून त्या काठाच्या पायऱ्यांपर्यंत नेत. पंधरा मीटर.

शर्वी अडीच वर्षांची असताना ते गेले. बुडून नव्हे, पाहुण्यांना हे पहिल्यांदा सांगावं लागे. काविळीने गेले. आई तिला घेऊन पुण्याला मामाकडे गेली, आणि शर्वी पाचव्या मजल्यावर वाढली. वडिलांचे तिच्याकडे नऊ फोटो होते आणि अकरा सेकंदांची एक चित्रफीत, तीही पाठमोरी. स्वतःची अशी आठवण एकही नाही. तिने लहानपणापासून शोधून पाहिलं होतं. फोटोतलं आठवायचं, स्वतःचं काही नाही. चौतिसाव्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने ती सांगलीला आली, एका रविवारी विट्याला गेली, आणि किराणा दुकानातल्या माणसाने विचारलं, "अण्णांची पोरगी? आणि पोहता येत नाही?" अण्णांकडे पोहायला शिकलेल्यांची वही त्याच दिवशी सुरू झाली.

तिला एवढंच हवं होतं. तो हात एकदा स्वतःला लागावा.

"झालं," झोया म्हणाली. "एकेचाळीस. जुळणी सत्त्याण्णव टक्के. ताई, इतकी मी देवळातल्या घंटेचीसुद्धा पाहिली नाही."

तिने कपाटातून स्पर्शबंडी काढली. बाहेरून ती साध्या पोहण्याच्या बंडीसारखी, आतून चारशे बारीक हवेच्या उशा. आठवणीतला दाब जसा असेल तशा त्या फुगत. शर्वीने बंडी सदऱ्यावरूनच चढवली आणि झोयाने कळ दाबली.

पोटाखाली एक हात आला.

शर्वीने बंडीवरून तळवा फिरवला. मग म्हणाली, "इथे काहीतरी टोचतंय. मधल्या बोटाखाली."

तेवढ्यात तिची आई, मनीषाबाई, चहाचा थर्मास घेऊन आत आल्या. त्यांनी लेकीच्या बंडीला आतून बोटं लावली, टोचणारी जागा चाचपली, आणि तिथेच थांबल्या.

"व्हॉल्व्हच्या चावीचा घट्टा आहे तो," त्या म्हणाल्या. "लग्नात वरमाला घालताना माझ्या साडीचा धागा ओढला होता त्यानं." मग पदराने डोळे टिपून, "चहा घ्या. गार होतोय."

इथे काम संपलं असतं. पण चहा घेताना संग्राम पवार म्हणाले, "काकी, मला मरेपर्यंत विसरणार नाही. या काठापासून त्या काठापर्यंत हात हलला नाही अण्णांचा."

"कुणाचा?" मनीषाबाई म्हणाल्या. "ह्यांचा? मोटेच्या दगडाखाली आलं की काढून घ्यायचे."

मोटेचा दगड म्हणजे पूर्वी मोट चालत असे तेव्हाचा, भिंतीतून पाण्यावर पुढे आलेला लांब दगड. तो विहिरीच्या मध्याच्या जरा अलीकडे येतो.

"काढायचे? छे छे. माझ्या पोटाला विचारा."

"मी टॉवेल घेऊन पायरीवर बसायचे रोज. पाणी काचेसारखं. हात काढायचे आणि तोंड चालू ठेवायचे. 'आहे, आहे, मी आहे.' निम्म्या विहिरीनंतर तुम्ही सगळे एकटेच होता."

संग्राम पवारांनी कप खाली ठेवला. "म्हणजे अण्णा खोटं बोलायचे?"

"रोज सहा ते आठ," मनीषाबाई म्हणाल्या.

झोयाने मनीषाबाईंची साक्ष घेतली, यावेळी स्पर्शाची नाही, नजरेची. सात उन्हाळ्यांचं एकच दृश्य पुन्हा पुन्हा आलं: दगडाची सावली, आणि सावलीत पाण्याखालून अलगद मागे येणारा हात. शंका घ्यायला जागा नव्हती. पडद्यावरचे सत्त्याण्णव टक्के घसरले आणि लाल रेघ आली.

"आता पंचाईत आहे," झोया म्हणाली. "केंद्राचा नियम. एकमेकींना छेद देणाऱ्या साक्षी एका माणसाच्या स्मृतिपटात राहत नाहीत. एक ठेवायची, दुसरी पुसायची. तीस दिवसांची मुदत असते. मधे नवी साक्ष आली तर प्रकरण पुन्हा उघडतं, नाहीतर कायमचं पुसलं जातं. ताई, वारसदार तुम्ही. ठरवा."

"म्हणजे माझा निम्मा अण्णा पुसणार?" संग्राम पवार म्हणाले.

ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी केंद्राच्या ओसरीवर तीस-पस्तीस माणसं जमली. सगळी पन्नाशीच्या आसपासची, सगळी भांडायला तयार. एक शिक्षिका म्हणाल्या की अण्णांनी बाकीच्यांचा हात सोडला असेल, त्यांचा नाही. त्या भित्र्या होत्या हे अण्णांना ठाऊक होतं. बसडेपोतले एक गृहस्थ म्हणाले की भित्रे तर आपण होतो, बाई पहिल्याच दिवशी उडी मारून मोकळ्या. मतदान झालं. हात शेवटपर्यंत होता, या बाजूने सगळे. विरुद्ध एक मत, मनीषाबाईंचं, आणि त्यांनी ते बसल्या जागेवरून, शेंगा सोलता सोलता दिलं.

शर्वीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे तुमचे अण्णा आहेत. माझ्याकडे कुणीच नाही. त्यामुळे मला जे झालं ते हवंय. लोकांना जे वाटलं ते घेतलं, तर मी पप्पांना भेटलेच नाही, तुम्हाला भेटले असं होईल. दगडापर्यंतचा हात ठेवा. पुढचा पुसायला टाका."

संग्राम पवारांनी चपला शोधल्या.

"अगदी बापावर गेलीस," मनीषाबाई म्हणाल्या. ते कौतुक होतं की तक्रार, हे शर्वीला कळलं नाही.

पुढचे आठ दिवस ती रोज सकाळी विहिरीच्या पायऱ्यांना धरून पाय मारायला शिकली. शिकवायला संग्राम पवारच आले. रुसवा कायम ठेवून आले. "गुडघ्यातनं नाही, मांडीतनं," एवढंच बोलायचे. रविवारी सकाळी सात वाजता तिने बंडी घातली, डोक्यावर नोंद घेणारी पातळ टोपी घातली, आणि विहिरीकडे पाहिलं. चारही बाजूंच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. वहीतली सगळी. मनीषाबाई टॉवेल घेऊन नेहमीच्या पायरीवर.

"ताई, पुन्हा सांगते," झोया म्हणाली. "दगडाखाली सावली लागली की उशा रिकाम्या होणार. दचकू नका. काका शेजारी आहेत."

"मला माहीत आहे. मीच ठरवलंय."

पाणी गार होतं. तिने पायरी सोडली आणि पोटाखाली हात आला. लांब अंगठा, आत वळलेली करंगळी, घट्टा. ती पाय मारू लागली. मांडीतनं. दगडाची सावली पुढे दिसत होती आणि ती मनात अंतर मोजत होती. चार हात. तीन हात. नाकात पाणी गेलं आणि मोजणी चुकली. ती गडबडली, पाय खाली गेले, आणि तेवढ्यात शेजारून कुणीतरी ओरडलं.

"आहे!"

आवाज संग्राम पवारांचा होता. ते शेजारी पोहत होते आणि त्यांचं तोंड पाण्याबाहेर जेमतेम होतं. मग शिक्षिका ओरडल्या. मग बसडेपोवाले. मग चाळीस माणसं चारही बाजूंनी एकदम, विहिरीच्या दगडांतून घुमत: "आहे, आहे, मी आहे!"

शर्वीने पाय मारले. हात होता. सावली कधी आली आणि गेली तिला कळलं नाही. पुढे पायऱ्या आल्या, तिने दगड धरला, वर चढली आणि खोकत खोकत सरळ झोयाकडे गेली.

"तू दुसरी आवृत्ती लावलीस!"

"नाही ताई."

"लावलीस! शेवटपर्यंत होता! मी काय वेडी आहे? सांगितलं होतं ना मला खरं हवंय म्हणून!"

झोयाने हातातली पडद्याची पाटी तिच्यासमोर धरली. बंडीची नोंद स्पष्ट होती. दगडाच्या सावलीत चारशेच्या चारशे उशा रिकाम्या. त्यानंतर नऊ मीटर काहीच नाही. खाली टोपीची नोंद होती, शर्वीच्या स्वतःच्या मेंदूची. तिथे तळवा होता. सावलीच्या आधी होता, नंतरही होता, शेवटच्या पायरीपर्यंत, घट्ट्यासकट.

मागे संग्राम पवार ओले, धापा टाकत येऊन उभे राहिले. त्यांनी पाटीकडे पाहिलं. नंतर शर्वीकडे. त्यांचा रुसवा गेला होता आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं.

"काकी!" त्यांनी पायरीकडे तोंड करून हाक मारली. "अजून एक आली आमच्यात!"

"बघितलं मी," मनीषाबाई टॉवेल घेऊन येत म्हणाल्या. "निम्म्या विहिरीनंतर एकटीच होती." आणि लेकीचं डोकं पुसताना, हळू आवाजात, "लागला का गं?"

शर्वी पाटीकडे वळली. तिथे यंत्राने आपल्या नेमाप्रमाणे एक चौकट उघडली होती. नवी साक्ष आढळली, साक्षीदार क्रमांक त्रेचाळीस. तीस दिवसांची मुदत अजून संपली नव्हती. ही साक्ष नोंदवली तर प्रकरण पुन्हा उघडणार होतं आणि पुसायला टाकलेले एकेचाळीस हात परत येणार होते. नोंदवण्याआधी यंत्राला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. खाली दोन कळा होत्या, होय आणि नाही.

तिच्या ओल्या बोटावरून एक थेंब पाटीवर पडला. तिने तो पुसला आणि प्रश्न पुन्हा वाचला.

या व्यक्तीचा स्पर्श आपण स्वतः अनुभवला आहे का?