गाडी म्हणाली, थांबते

“काकी, आधी ब्लूटूथ चालू करा. अहो ते नव्हे, ती बॅटरी लागली! गाडीला उजेड नकोय, तुमची ओळख हवीय.”

“मग तसं सांग की सरळ,” रंजना काकी म्हणाल्या आणि फोन ईश्वरीच्या मांडीवर टाकून मोकळ्या झाल्या.

काकींची गाडी कालच आली होती आणि आज सगळं घर तिच्यातून जत्रेला निघालं होतं. मागे सासूबाई, दोन मुलं, नैवेद्याचा डबा. चालवायचं कुणालाच येत नव्हतं, आणि त्याची गरजही उरली नव्हती. गाड्या आपल्या आपण चालत. मात्र एक नियम कडक होता. समोरच्या पडद्याला कुणाचातरी फोन जोडल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. फोन हीच किल्ली आणि फोन हीच ओळख. गाडी कुणाच्या जबाबदारीवर निघाली आहे, हे त्या जोडणीवरून ठरत असे.

आणि वस्तीवरच्या सगळ्या जोडण्या करून द्यायची ईश्वरी मगदूम. दहावीतली. वर्षापूर्वी हजेरी देतानाही हिचा आवाज फुटत नव्हता, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

“पहिल्या वेळी वायर लावायची,” ती म्हणाली, “म्हणजे गाडी आणि फोन एकमेकांना नीट बघून घेतात. बघण्याचा कार्यक्रमच म्हणा. आता पडद्यावर आकडा आला. फोनवरही तोच आलाय का?”

“आलाय.”

“म्हणजे पसंती आहे. ‘परवानगी द्या’वर बोट ठेवा. हं! लागलं लग्न. पुढच्या वेळी वायरसुद्धा नको.”

मागची मुलं खिदळली. काकींना तेवढ्यात आठवलं, नारळ ओसरीवरच राहिला. त्यांनी दार उघडलं तशी गाडीने विचारलं, “जाताय?”

“येते की!” काकी दचकून म्हणाल्या.

“बरं. थांबते,” गाडी म्हणाली.

हे गाडीला मुद्दाम शिकवावं लागलं होतं. सुरुवातीच्या गाड्यांना ‘जाते’ म्हणजे जाणं आणि ‘येते’ म्हणजे येणं एवढंच कळायचं. इकडची माणसं दार उघडून बाहेर पडत ‘येते हं’ म्हणत, आणि गाड्या दारं उघडी ठेवून बुचकळ्यात पडत. मग कंपनीने सुधारणा केली. ‘येते’ म्हणून उतरलेलं माणूस परत येणार, तोवर त्याची जोडणी राखून ठेवायची. दुसरा कुठलाही फोन आत घ्यायचा नाही. चोरीचीही भीती मिटली. लोक खूश झाले. गाडीला आपली रीत कळली, म्हणाले.

नारळ आला. ईश्वरी खाली उतरली. काकींनी खिडकीतून हात बाहेर काढून ईश्वरीच्या गालावरून फिरवले आणि बोटं मोडली. “लई शानी हाईस गं ईशे. तुमची गाडी तेवढी कधी जोडणार?”

ईश्वरी नुसती हसली. काकींची गाडी जत्रेच्या रस्त्याला लागली. वस्तीवरची बाकीची घरं सकाळीच कुलपं लावून गेली होती.

मगदुमांची गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. ती आईची गाडी. डॉक्टर सुलभा मगदूम, जनावरांच्या डॉक्टर. कुठल्याही वाडीत म्हैस अडली की आई सांडशीसकट तशीच उठायची आणि गाडीत बसता बसता म्हणायची, “चल गं बाई, बाळंतपण आहे.” श्रावणात तिला ताप भरला. स्वतःच गाडीत बसून ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. दारात उतरताना गाडीने विचारलं, “जाताय?” आई म्हणाली, “येते.”

गाडी दवाखान्याच्या आवारात थांबून राहिली. शेवटी क्रेनने घरी आणावी लागली. आईचा फोन कपाटात होता, पण तो तिच्या जिवंत चेहऱ्याशिवाय उघडत नव्हता.

दुसरा फोन जोडायचा तर आधीची जोडणी सोडवावी लागली असती. मालक परत येणार नाही हे घरच्या माणसांनी आपल्या आवाजात गाडीला सांगायचं, की सुटली. ईश्वरीला ते ठाऊक होतं. पप्पांनाही होतं. पण जोडणी सुटली की तिच्याबरोबर सगळंच पुसलं जाणार होतं. आईचे रस्ते, आईची गाणी, ‘चल गं बाई’ म्हणणारा तिचा आवाज, तिच्या उंचीला बेतलेली खुर्चीसुद्धा. पप्पा शाळेत चित्रकला शिकवून आले की शेडमध्ये जाऊन गाडीत बसत. पडदा उजळे: ‘डॉक्टरांची वाट पाहत आहे.’ ते वाचून पप्पा घरात येत आणि भात लावत. जगात कुणीतरी अजून तिची वाट बघतंय, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं.

“पप्पा, काकींचं लग्न लावून आले!” ईश्वरीने अंगणातूनच आरोळी दिली.

शेडमधून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

पप्पा गाडीला टेकून जमिनीवर बसले होते. बाजूला सरकवलेला लाकडांचा ढीग. उजव्या पायाच्या घोट्यावर रक्ताचे दोन ठिपके.

“घोणस होती,” ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. “शिट्टीसारखा आवाज आला. मला वाटलं, टायरची हवा गेली.”

शाळेत शिकवलेलं सगळं ईश्वरीला एकदम आठवलं आणि एकदम नाहीसं झालं. पाय हलवू द्यायचा नाही. आवळून बांधायचं नाही. लस मिळेल तिथे न्यायचं, ताबडतोब. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. रुग्णवाहिका निघाली, पण घाटापलीकडून येणार, तासभर तरी लागेल, असं पलीकडची बाई म्हणाली. तिने काकींना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जत्रेच्या ढोलात कुणाला ऐकू येणार होता? पप्पांचा घोटा तिच्या डोळ्यांदेखत सुजत होता.

तिने आईच्या गाडीचं दार ओढलं. घरच्या माणसाला दार उघडायचं तेवढं उघडलं. पप्पांना काखेत धरून, ओढून, शेवटी रडत रडत ढकलून तिने मागच्या खुर्चीवर आडवं घातलं आणि स्वतः पुढे बसली. वायर लावली. टोक दोनदा चुकलं.

‘नवीन फोन आढळला.’ ब्लूटूथ चालू. आकडा आला. फोनवरही तोच. ‘परवानगी द्या.’ तिने बोट दाबलं.

‘ही जागा राखीव आहे. डॉक्टरांची वाट पाहत आहे.’

“दवाखान्यात चल! पप्पांना साप चावलाय!”

“रुग्णवाहिकेला कळवलं आहे,” गाडी शांतपणे म्हणाली. “डॉक्टर आल्या की आपण लगेच निघू.”

“आई नाहीये! आई गेली!”

“कधी परत येतील?”

“अगं, गेली म्हणजे... देवाघरी गेली!”

“देवघरात गेल्या असतील तर लवकर येतील,” गाडी म्हणाली. “थांबते.”

ईश्वरीने पडद्यावर मूठ आपटली. अख्ख्या वस्तीच्या गाड्या हिने जोडल्या होत्या. हसत, चेष्टा करत, डाव्या हाताने! आणि हीच गाडी हलत नव्हती. गावात आजवर कुणी तो शब्द तिच्यासमोर उच्चारला नव्हता. ‘गेली’ म्हणाले, ‘सुटली’ म्हणाले, ‘कैलासवासी’ छापलं. तीही तेच म्हणत आली होती. तो दुसरा शब्द उंदरा-मांजरांसाठी होता. आईसाठी नव्हता.

“ईशू,” मागून पप्पा म्हणाले. “नको. रुग्णवाहिका येतेय. तिला पुसू नको.”

तिने वळून बघितलं. पप्पांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. दातांवर लाल रेघ. त्यांना ते कळलंही नव्हतं.

“मेली!” ईश्वरी ओरडली. “आई मेली! कळलं? मेली ती! मीच तिच्या तोंडात पाणी घातलं!”

शेडमध्ये तो शब्द पत्र्याला लागून परत आला.

“मला वाईट वाटतं, ईश्वरी,” गाडी म्हणाली. “जोडणी सोडण्यासाठी घरातल्या मोठ्या माणसानेही सांगावं लागेल.”

“पप्पा.”

पप्पांनी मान फिरवली.

“पप्पा, बोला ना! एकदाच!”

“माझ्या तोंडून नको गं.”

“मग मी काय करू?” ती खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळली, त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. “गाडी तिची वाट बघतेय, तुम्ही तिची वाट बघताय. माझी वाट कोण बघणार? मी शाळेतून आल्यावर घरात कोण असेल? सांगा की! ही गाडी?”

पप्पा तिच्याकडे बघत राहिले. अगदी पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या रिकाम्या खुर्चीला हात लावला.

“ती येणार नाही,” ते म्हणाले. “निघ.”

पडदा काळा झाला. एक बारीक घरघर सुरू झाली. आईची खुर्ची, तिच्या आखूड पायांसाठी पुढे ओढून ठेवलेली, ईश्वरीला घेऊन हळूहळू मागे सरकू लागली. बाकीच्या सगळ्या गाड्यांतल्या खुर्च्या असतात तिथे जाऊन थांबली. पप्पांनी ते डोळे मिटूनच ऐकलं.

‘नमस्कार. ईश्वरीचा फोन जोडला.’

गाडी शेडमधून सुटली ती उसाच्या बांधावरून थेट डांबरी रस्त्याला. ईश्वरी मागे हात करून पप्पांचा हात धरून बसली. “बोलत राहा, पप्पा. काहीही. मुलांना काल काय काढायला दिलंत?”

“जत्रेतला पाळणा,” पप्पा पुटपुटले. “कुणालाच... गोल येत नाही.”

मग त्यांचं बोलणं तुटलं. नुसता श्वास ऐकू येत होता. वळणावर गाडीने विचारलं, “डॉक्टर ‘येते’ म्हणाल्या होत्या. तरी आल्या नाहीत. का?”

ईश्वरीला तिला फोडून काढावंसं वाटलं. पण विचारणाऱ्या आवाजात खोट नव्हती. त्या गाडीने एक अख्खा हिवाळा आईसाठी उभ्याने काढला होता.

“आमच्यात जाताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही,” ती म्हणाली. “ज्याला यायचंय तोही ‘येतो’ म्हणतो. ज्याला येता येणार नाही तोही.”

“मग ऐकणाऱ्याला कसं कळतं?”

“नाही कळत,” ईश्वरी म्हणाली.

गाडीचा वेग वाढला.

दवाखान्याच्या दारात माणसं स्ट्रेचर घेऊन उभीच होती. गाडीने वाटेतूनच कळवलं होतं. “लस आहे,” एक तरुण डॉक्टर धावत म्हणाली. “उशीर झालाय, पण आहे. आणलंस हे फार बरं केलंस. आता मला काही विचारू नकोस, बाळ. चला, उचला!”

त्यांनी पप्पांना उचललं. पाय दाराबाहेर निघाले तशी गाडीने सवयीने विचारलं, “जाताय?”

पप्पांचे डोळे किलकिले झाले. कुणी विचारतंय ते त्यांना कळलं असेल की नाही, कोण जाणे. त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. ओठ सुजले होते, शब्द जड येत होता. पण आला.

“येतो गं, ईशू.”

स्ट्रेचरची चाकं खडखडत आत गेली. झुलतं दार दोन-तीनदा हललं आणि स्थिर झालं. ईश्वरी उघड्या दाराशी उभी होती, एक पाय जमिनीवर, एक अजून गाडीत. ती ओळखीच्या दोन शब्दांची वाट बघत होती. ते तिला आत्ता कधी नव्हे इतके ऐकायचे होते. बरं. थांबते.

पडदा उजळला. आजवर ही गाडी कुणाच्याही ‘येतो’ला उलट बोलली नव्हती.

“नक्की?” गाडीने विचारलं.