हिलालकाकांच्या कूलरमधले पाहुणे

"आजपासून या घरातला एकही जीव भुकेने, भीतीने किंवा दुसऱ्याच्या पोटात जाऊन मरणार नाही," धनश्रीने फिश टँकवर हात ठेवून जाहीर केलं.

त्याच क्षणी काचेपलीकडे राणी नावाच्या गप्पीने नुकतंच जन्मलेलं आपलं एक पिल्लू गिळलं, आणि ती दुसऱ्याकडे बघू लागली.

"ताई, तिने ऐकलं नाही वाटतं," कुंदन म्हणाला. हा धनश्रीचा धाकटा भाऊ. वाईट बातमी द्यायला तो कधी उशीर करत नसे.

"ही आई आहे की काय आहे?" शेजारचा योगेश काचेला नाक लावून म्हणाला.

"गप्पी आहे. तिला पिल्लू आणि खाऊ यातला फरक कळत नाही."

"आमच्या बाबांनाही सुट्टी आणि काम यातला कळत नाही."

आतून आईचा आवाज आला. रंजनाबाई साडीला टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर, खाटेवर आणि अर्ध्या जमिनीवर साडीच होती. "धनू, मागच्या वेळचे मासे कुठे गेले, आठवतंय ना? या वेळी पिल्लं जगली नाहीत तर टँक भंगारवाल्याला. मला काम पसरायला जागा नाही इथे."

मग तिघांनी चहाच्या चमच्याने एकेक पिल्लू बादलीत हलवलं. सोबत शेवाळाचा झुबका टाकला, लपायला. बादली गॅलरीत सावलीला ठेवली आणि वर जॉर्जेटचा तुकडा बांधला. यंत्रमागांच्या बमरोली वस्तीत खायला कमी पडेल, पण साडीचा तुकडा कमी पडणार नाही. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून गाळून पिल्लांना मिळू लागला. पांढरा भाग कुंदनला मिळू लागला. दोघांचीही वाढ चांगली होती.

आठवडा असा गेला. मग एका संध्याकाळी तिघं खेळून वर आले, तर बादली गॅलरीच्या कठड्यावर उलटी घातलेली. पुसून लख्ख. जॉर्जेटचा तुकडा दोरीवर वाळत होता.

आतून टिकल्यांच्या डबीचं झाकण वाजत होतं. आईला अजून कळलेलं नव्हतं.

"मांजर," कुंदन म्हणाला.

"मांजर बादली पुसत नाही."

"हवे शुं? आता काय?" योगेश म्हणाला. महत्त्वाचं बोलायचं असलं की तो गुजरातीत शिरत असे.

धनश्री गॅलरीच्या टोकाला गेली. मोरी कोरडी होती. वाळलेली नव्हे, सकाळपासून पाणीच न पाहिलेली. ती वळली. "पाणी फेकलेलं नाहीये."

"कशावरून?"

"आपल्या गॅलरीत मे महिन्यात भरली बादली कुणी फेकेल? तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, तुळशीला नको असेल तर फरशीला. गावाकडून आलेलं एकही माणूस पाणी फेकत नाही. ते पाणी कुठेतरी आहे. आणि पिल्लं त्या पाण्यात आहेत."

तुळशीची कुंडी पाहिली, कोरडी. फरशीही कोरडी. योगेशने तर लोणच्याची बरणीसुद्धा उघडून पाहिली. शोधाशी तिचा संबंध काय, हे त्याने सांगितलं नाही. शेवटी कुंदन ओरडला, "ताई, कूलरला मिशी!"

त्याच गॅलरीतले शेजारी हिलालकाका, त्यांच्या खिडकीला बाहेरून लावलेला कूलर. त्याच्या पाणी ओतायच्या तोंडाशी हिरव्या शेवाळाचा धागा लोंबत होता.

योगेशने बाजूची जाळी काढली. तळाच्या गढूळ पाण्यात काळ्या ठिपक्यांसारखे डोळे इकडून तिकडे पळत होते. जिवंत! पण त्यांच्या मधोमध कूलरचा पंप बसलेला होता. तो सुरू झाला की पाणी ओढणार, आणि पाण्यासोबत जे असेल ते.

एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. दिवसभर कारखान्यात लूमवर उभे राहून हिलालकाका येत होते. शर्ट अंगाला चिकटलेला, किल्ली हातात, नजर कूलरवर. कूलरचं बटण त्यांच्या खोलीत होतं.

"काका, थांबा, आत आम्ही..." धनश्रीने सुरुवात केली.

"मंग सांग बेटा. आधी माले कूलर लावू दे."

कुलूप उघडलं. काका आत गेले. मासे, पिल्लं, शेवाळ, आई आणि टिकल्या हे सगळं सांगायला वेळ नव्हता.

"काका, कूलरला करंट येतोय!" कुंदन म्हणाला.

हिलालकाका बटणापासून थेट खाटेवर जाऊन बसले. लूमचा पट्टा तुटला तरी न घाबरणारा हा माणूस करंट या शब्दाला फार मानत असे. "कोणले लागना?"

"कुणाला नाही. लागू नये म्हणून सांगतोय. पिन काढून ठेवा."

काकांनी लाकडी पट्टीने पिन काढली.

मग पलीकडच्या खोलीतल्या सरलाबाई आल्या. हातात गोडेतेलाची वाटी. "बाजूला व्हा रे पोरांनो. उद्या मच्छर तपासणीवाले येणार आहेत. रंजनाच्या बादलीत या एवढाल्या अळ्या! माझ्या नजरेला पडल्या म्हणून बरं. दंड बसला असता तिला."

"काकू, तुम्ही ओतलीत बादली?"

"मग? शेजारधर्म आहे का नाही?"

"अन मन्हा कूलरमा?" आतून हिलालकाकांनी विचारलं.

"अहो भाऊ, पाणी काय फेकून देऊ? आता वरून तेल सोडते, म्हणजे अळ्या गुदमरतील. पाणीही वाया नाही, दंडही नाही."

वाटी तिरकी झाली. धनश्रीने दोन्ही हात खाली धरले. तेल तिच्या ओंजळीत आलं.

"काकू, नीट बघा आधी. अळ्या अंग वाकडं करत वर येतात. यांना शेपटी आहे. हे मासे आहेत."

सरलाबाई वाकल्या. चष्मा सारखा केला. पाण्यात एक खरीखुरी अळी वळवळत वर येत होती. एक पिल्लू तिच्याकडे गेलं, आणि अळी दिसेनाशी झाली.

"गिळली गं बाई!" सरलाबाई म्हणाल्या. मग हळूच, "म्हणजे भाऊंच्या कूलरमध्ये आधीपासूनच होत्या?"

हिलालकाका आतून खोकले.

तोच जॉर्जेटचा तुकडा दोरीवरून आला. योगेशने तो तारेच्या कड्याला बांधला. सरलाबाईंनी पदर खोचला आणि विजेरी धरली. धनश्री जाळं खाली नेई, हळूच उचली, पुन्हा भरलेल्या बादलीत उलटं करी. तेलकट हात मात्र तिने पाण्याला लागू दिले नाहीत. कुंदनने पुसायला आपला शर्ट दिला, आधी वाद घालून. शेवटचं पिल्लू पंपाच्या मागे दडून बसलं होतं. त्याला बाहेर काढेपर्यंत सगळी गॅलरी जमली. रंजनाबाईसुद्धा आल्या, गालाला टिकली चिकटलेली.

त्यांनी बादलीत वाकून पाहिलं.

"टँक राहू दे," त्या म्हणाल्या. "खाट भिंतीकडे सरकवू."

"पोरगी हुशार आहे," सरलाबाई सगळ्यांना सांगू लागल्या. "आणि मी बादली ओतली म्हणून तर कूलरमधल्या अळ्या सापडल्या. उद्या ते तपासणीवाले आले ना, त्यांना मीच सांगते."

कुणी धनश्रीच्या डोक्यावर हात ठेवला, कुणी योगेशच्या जाळ्याचं कौतुक केलं. योगेश दोन वाक्यं गुजरातीत बोलला. माणसाने जागं राहावं, जिवाला जीव लावावा, असं सरलाबाई बरंच बोलत होत्या.

दारात घाम पुसत उभ्या असलेल्या हिलालकाकांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कुंदनला खुणेने जवळ बोलावलं.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "करंट गया व्हई ते कूलर लावू का?"