न झोपलेला कॉम्प्युटर

भाग्यश्री बोरस्तेच्या ऑफिसात रूपाली आली ती रडून मोकळी होऊनच.

"मॅडमनी संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय, ताई. कबूल कर आणि राजीनामा दे, नाहीतर पोलीस. नाशकात मला परत कुठली लॅब दारात उभं करेल?"

गोटीराम खुर्चीत सावरून बसला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाल्यापासून तो भाग्यश्रीबरोबर तपासाला फिरे. डोकं तिचं, स्कूटर त्याची.

प्रकरण साधं दिसत होतं. ओझरकडच्या एका कारखान्यात लागणाऱ्या पोरांची रक्ततपासणी रूपालीच्या लॅबमध्ये होई. सनी नावाच्या उमेदवाराची साखर भरमसाट निघाली. रूपालीनं तशी कॉम्प्युटरमध्ये भरलीही, पण रिपोर्ट गेला नॉर्मल. कारखान्याच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि बोंब झाली. कॉम्प्युटर सांगत होता, जेवणाची सुट्टी संपता संपता रूपालीच्या नावानंच आकडा बदललाय.

"तेव्हा तू कुठं होतीस?"

"आईला देवळाली कॅम्पच्या बसमध्ये बसवायला. सुट्टी झाली तशी निघाले, आले तेव्हा सगळ्यांची जेवणं आटोपली होती."

"निघताना कॉम्प्युटर बंद केलास?"

"कुणीच करत नाही, ताई. जरा वेळ हात लागला नाही की स्क्रीनवर मासे पोहायला लागतात आणि आपोआप कुलूप पडतं. मग पासवर्ड लागतो. तो मी आईलाही सांगितलेला नाही."

पोरीनं स्वतःच्या हातानं स्वतःला कोंडून घेतलंय, असं गोटीरामला वाटलं. त्याला तिची कीव आली आणि थोडा रागही.

दोघं लॅबवर पोचले, तेव्हा मालकीण डॉ. मनाली गायधनी तुटक बोलल्या. "मी वरच्या मजल्यावर पेशंट बघत होते. खाली स्वराज आणि निवृत्ती होते. नाव रूपालीचं आहे, अजून काय पुरावा हवा?"

स्वराज हसतमुख, केसांना जेल लावलेला. गोटीरामला तो पाहताक्षणी आवडला नाही.

"मी आणि निवृत्तीमामा इथंच जेवलो. रोज मासे बघत जेवतो मी, त्या दिवशी तेही नशिबात नव्हतं. माऊसवर मामांनी रुमाल झाकला होता, खरकटे हात लागू नयेत म्हणून. दोनदा वेळ विचारली त्यांनी मला." त्यानं मनगट पुढं केलं. त्यावर आकडे चमकणारं घड्याळ होतं. "मग डबा धुऊन मी सॅम्पल आणायला गेलो."

निवृत्ती लॅबमधला सगळ्यात जुना माणूस. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तो मनगटावरच्या घड्याळात बघत होता.

"या सेकंदकाट्याशिवाय माझं पान हलत नाही, बाई. आंघोळीलाच काय तो उतरवतो. रूपालीला मीच चिकटवली इथं. पोर गुणाची, पण मोह कुणाला सुटलाय?"

"तुमचं घड्याळ जरा द्याल?" भाग्यश्री म्हणाली. "आणि सगळ्यांना इथं बोलवा."

रूपालीनं पासवर्ड टाकून कॉम्प्युटर उघडला. भाग्यश्रीनं घड्याळ टेबलावर ठेवलं, त्याच्या काचेवर माऊस ठेवला आणि चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, कप उचलले गेले. गोटीराम स्क्रीनकडे बघून कंटाळला. मासे काही आले नाहीत.

"बघा," भाग्यश्री म्हणाली. "माऊसच्या पोटात लाल दिवा आहे. खाली काही हललं, की कॉम्प्युटरला वाटतं माऊसच हलला. काटा फिरतोय तोवर त्याच्या लेखी रूपाली काम करतेय."

तिनं घड्याळ काढून घेतलं. थोड्या वेळानं मासे आले.

"स्वराज समोर जेवत होता, तेव्हा आकड्याला हात लावता येत नव्हता. तो जाईपर्यंत कॉम्प्युटर जागा ठेवायला हवा होता. स्वराजच्या घड्याळाला काटाच नाही. आणि आंघोळीखेरीज घड्याळ न काढणाऱ्या माणसाला त्या दिवशी वेळ दुसऱ्याला विचारावी लागली. रुमालाखाली काय होतं, निवृत्तीमामा? सनी कोण तुमचा?"

निवृत्ती खाली बसला. "बहिणीचा पोरगा. बाप नाही त्याला. तिचं घर उभं राहील, एवढंच बघितलं."

"आणि मी, मामा?" रूपालीनं विचारलं.

"तू तरुण आहेस गं. तुला दुसरीकडं मिळून जाईल."

गोटीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वराजवर उगाच डूख धरल्याची त्याला लाजही वाटली. आता तरी पोरगी सुटली, म्हणून त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"कारखान्याला मी कळवून बसलेय, की नव्या मुलीनं केलं आणि तिला काढलं," त्या म्हणाल्या. "आता जुन्या माणसाचं नाव सांगितलं तर ते इतक्या वर्षांचे सगळे रिपोर्ट उकरतील. लॅब बंद पडेल. पोलिसांत मी जाणार नाही, रूपाली. अनुभवाचं सर्टिफिकेट चांगलं देते. राजीनामा मात्र दे."

"आम्ही सांगू कारखान्याला!" गोटीराम ओरडला.

"सांगा. कॉम्प्युटरमध्ये नाव तिचंच आहे. घड्याळाची गोष्ट कोण ऐकून घेईल?"

निवृत्ती काही बोलेल म्हणून गोटीरामनं वाट पाहिली. निवृत्तीनं टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटाला बांधलं.

रूपालीनं पर्स खांद्याला लावली.

"मॅडम, मी केलं नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग कालच बरं होतं," रूपाली म्हणाली. "काल तुम्हाला माहीत नव्हतं."