उजव्या बाजूचे रिवेट

कंपनीत मारलेला रिवेट सहजासहजी निघत नाही. बोल्ट असता तर पान्याने फिरवून काढला असता. रिवेट भोकात दाबून भरलेला असतो आणि गंज चढला की तो आणि चासी एकजीव होतात. आधी ग्राइंडरने बाहेरचं डोकं उडवायचं, मग मधोमध ड्रिल मारून पोट पोकळ करायचं आणि शेवटी पंच, म्हणजे बोथट पोलादी दांडी, लावून हातोड्याने आत ढकलायचा. माझी बायको म्हणायची, "जावई परवडला. जावयाचा मान राखला की तो उठतो. याची मान छाटली तरी हा बसलेलाच!"

हा छोटा ट्रक आम्ही दोघांनी भंगारातून आणला होता. मागे झोपायची सोय करायची आणि निघायचं, हे तिच्या मनात होतं. चासीला मध्ये जोडणारा आडवा तुकडा सडला होता, तो बदलायचा होता. डाव्या बाजूचे रिवेट आम्ही काढले. उजवी बाजू राहिली आणि बायको गेली.

पोरगी म्हणाली, "बाबा, विकून टाका आता." मी म्हटलं, उजवी बाजू मोकळी करतो, मग बघू. खरं सांगायचं तर मला ट्रक पुरा करायचा होता. तिचं तेवढंच एक माझ्या हातात उरलं होतं.

या ट्रकची चासी म्हणजे दोन लांब चौकोनी नळ्या, आतून पोकळ. डाव्या नळीला खालून एक लांबट भोक आहे. बायको त्यातून कोपरापर्यंत हात घालायची आणि मी बाहेरून ठोकलेला रिवेट आत तळहातावर झेलायची. ग्राइंडर चालवून चालवून माझे कान कामातून गेलेत, म्हणून ती बोलायची नाही, लोखंडावर ठोका द्यायची. एक म्हणजे मार. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे निघाला. ते ठोके मला हाताला कळायचे.

उजव्या नळीला भोक नाही. ती फक्त मागच्या टोकाला उघडी आहे आणि तिथून रिवेटपर्यंत कुणाचाही हात पोचत नाही. तिथे रिवेट आत ढकलला की तो खाली पडून खणखणतो, मग चासी तिरकी करून मागून बाहेर काढायचा.

दुपारी शेडचं दार उघडं टाकून मी कामाला बसलो. शेजारच्या शेडमधला रंगारी डोकावला. "काय हो, आज गाडी सुटणार की तुम्ही?"

"तू आधी तुझ्या अंगावरचा रंग काढ, भुतासारखा दिसतोस," मी म्हटलं.

पहिल्या रिवेटचं डोकं उडवलं, ड्रिल मारलं, पंच लावला आणि घाव घातला. तो हलेना. पुन्हा घातला. मग एकदम मऊ लागलं आणि रिवेट आत गेला.

आवाज आला नाही.

मी कान नळीला लावला. रिवेट पडला की माझ्या बहिऱ्या कानालाही कळतो. भोकातून बॅटरी मारली तर आत काळोख आणि गंज. म्हटलं, गंजाच्या पापुद्र्यावर पडला असेल. दुसरा रिवेट घेतला. तोही आत गेला आणि तोही पडला नाही.

पंच अजून भोकातच होता, माझ्या डाव्या मुठीत. त्यातून हाताला ठोके लागले.

टक. टक. टक.

निघाला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीतीचा नव्हे. लग्नात अंतरपाट खाली येताना आला होता तसा! तापलेलं लोखंड गार होताना टकटकतं, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी हात ठेवून थांबलो. लोखंड पार गार झालं. मग तिसऱ्या रिवेटवर पंच टेकवला आणि नुसता वाट बघत बसलो.

टक. मार.

मी मारलं. टक. पुन्हा मारलं. टक, टक. थांब. बघतो तर पंच तिरका झाला होता, आणखी एक घाव पडता तर मोडलाच असता. सरळ केला. टक. मारलं. रिवेट लोण्यातून जावा तसा गेला. टक, टक, टक.

मी हसायलाच लागलो. शेडमध्ये एकटा म्हातारा, मांडीवर हातोडा आणि हसतोय! "अगं," मी म्हटलं, "आहेस होय तू?"

एक खूण राहिली होती. काम उरकत आलं की ती बोटातल्या अंगठीने ताल वाजवायची, चहा टाकते म्हणून. मी वाट बघितली. आला नाही. म्हटलं विसरली असेल, काय काय गेलंय तिच्यावरून. मी पान्याने नळीवर तो ताल वाजवून दाखवला. "चहाचं विसरलीस?"

थोडा वेळ काहीच नाही. मग तोच ताल आतून आला. मला रडू फुटलं.

तेवढ्यात पोरगी चहाचा थर्मास घेऊन आली. माझं तोंड बघून घाबरली. मी तिचा हात धरून नळीवर ठेवला आणि सगळं भराभर सांगितलं. "ऐक," म्हटलं आणि ताल वाजवला. आतून परत आला.

पोरीने हात काढला नाही. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, हे आईचं नाही."

"तुला काय कळतंय!"

"आईचा शेवटचा ठोका कायम उशिरा पडायचा. तुम्ही तिला चिडवायचात, तुझी गाडी एक ठोका मागे म्हणून. हे अगदी तुम्ही वाजवलंत तसंच वाजलं."

खरं होतं. मीच विसरलो होतो. इतक्यात विसरलो होतो!

आणि मग, आमच्यापैकी कुणी काही वाजवलं नसताना, ताल पुन्हा आला. शेवटचा ठोका थांबून पडला. उशिरा.

"बघ! आठवलं तिला!"

"तुम्हाला मी सांगितल्यावर," पोरगी म्हणाली. आता तिने हात काढून घेतला. "बाबा, घरी चला."

"एकच राहिलाय."

"राहू दे."

मी ऐकलं नाही. उलट मला सुचलं की निघालेले रिवेट बाहेर काढून तिला दाखवावेत. पुढून जॅक लावून चासी चढवली. मागच्या तोंडाशी पोरीने ओंजळ धरली. आता नीट खणखणत, घरंगळत तिन्ही रिवेट आले आणि तिच्या हातात पडले.

ती बघत राहिली. मग तिने एक मला दिला.

आतल्या बाजूचं डोकं गुळगुळीत घुमट असतं. या डोक्यावर ठसा होता. अंगठ्याचा. ओल्या मातीत उमटावा तसा पोलादात उमटला होता, रेघ न् रेघ दिसत होती. बाकीच्या दोघांवरही तसाच. कुणीतरी आतून अंगठा दाबून धरला होता, म्हणून तर ते पडले नव्हते.

मला आनंदच झाला. मी अंगठा त्यावर ठेवून बघितला. ठसा तिच्या अंगठ्याएवढाच नाजूक. "हा बघ, आईचा..." म्हणता म्हणता थांबलो. रेघा अखंड होत्या.

"तिच्या अंगठ्यावर व्रण होता ना," मी म्हटलं. मी नळीच्या उघड्या तोंडाशीच उभा होतो. "छिन्नी लागली होती. आडवा व्रण, या कडेपासून त्या कडेपर्यंत."

पोरीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नका. काही सांगू नका."

आत शांत होतं. कुणी ऐकत असावं तसं शांत.

मी शेवटच्या रिवेटकडे गेलो. पोरगी बाही ओढत होती. मला कळायलाच हवं होतं. डोकं आधीच उडवलेलं होतं. ड्रिल मारलं. पंच टेकवला.

टक.

एकच घाव घातला. तो गेला.

टक. टक. टक.

मग नळीतून घसटत काहीतरी मागच्या टोकाकडे निघालं. रिवेट घरंगळतो तसं नाही. सावकाश, थांबत थांबत. उघड्या तोंडापाशी आलं. रिवेट कडेवर येऊन उभा राहिला. पडला नाही.

मी उचलला. कोमट होता.

डोक्यावर अंगठा होता आणि त्यावर आडवा व्रण, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आनंदाने मी ओरडलोच असतो. पोरीने माझा हात धरून रिवेट उलटा केला. ड्रिलचं भोक बुजून दुसऱ्या टोकालाही अंगठा उमटला होता, दुसऱ्या हाताचा. त्यावरही तोच व्रण होता.

तिचा व्रण कोणत्या हाताला होता, ते मी बोललो नव्हतो.