उजव्या पायाचा हुकूम

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची कापूस वेचणीच्या दिवसांतली ही गोष्ट. तीन वर्षांच्या शकुंतलेला कडेवर घेऊन कोकिळा संग्रामपूरच्या दवाखान्यातून सोनाळ्याला परत आली. तापानंतर पोरीचा उजवा पाय लुळा पडला होता. डॉक्टरांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली उतरलेल्या नसा, तारायंत्राच्या तारांसारख्या. स्पर्श, कळ वर नेणाऱ्या वेगळ्या, हुकूम खाली आणणाऱ्या वेगळ्या. शकूच्या हुकमाच्या तेवढ्या तापात गेल्या होत्या. पायाला तेल लावून तो हलवत राहा, एवढंच ते म्हणाले. कोकिळा सातवी शिकलेली. तिला सगळं समजलं, आणि समजलं म्हणूनच जीव आणखी कासावीस झाला.

घरी दुपारची सामसूम. माणसं वावरात गेलेली. अशा अवेळी चूल मात्र पेटलेली, आणि तिच्यात विळा तापत ठेवलेला. चुलीपुढे सासू सुभद्राबाई, शेजारी दुखण्यावर तापल्या लोखंडाचा डाग देणारा कडूबा. तापल्या लोखंडाचा वास घरभर दाटला होता.

कोकिळेनं डॉक्टरांचं सारं बोलणं सांगितलं. पण औषधाची बाटलीही न आणता सून परतली, हे पाहून सासूनं टोमणा मारलाच. "चित्र पाहून आली म्हणते. मंग त्या चित्रातल्यालेच लाव तेल." नंतर समजावणीच्या सुरात म्हणाली, मेलेला पाय आहे, त्याला काय कळणार? डागलं तरी लेकरू रडणारसुद्धा नाही.

कोकिळेनं झाडूची काडी मोडून शकूच्या उजव्या तळव्यावर फिरवली. शकू खुदकन हसली. पाय होता तसाच पडून राहिला.

"हसली ना, आत्याबाई? हालवता येत नाही, पण कळते तिले सगळं. विळा टेकवला तं तेही कळंल."

 कडूबा हळूच म्हणाला, "तिचा हुकूम चालत नाही, खरं आहे. पण दुसऱ्याचा चालते, बाई... पाह्य."

त्यानं हातातली काठी उंबरठ्यावर तीनदा वाजवली. शकूचा उजवा पाय तीनदा हलला.

"आई... मी नाही हालवला."

कोकिळेनं शकूला आपल्याकडे ओढलं. तापात शिरलेलं कोणीतरी पायात बसलंय, डागल्याशिवाय उठायचं नाही, असं कडूबा सांगत होता. बोलता बोलताच त्यानं विळा बाहेर काढला.

कोकिळेनं हंड्यातलं पाणी विळ्यावर ओतलं, उरलेलं चुलीत. वाफेनं तिचा हात पोळला, तरी तिनं तो मागे घेतला नाही. ओली राख जमिनीवर पसरली.

"उठा, कडूबाबा. माझ्या लेकीच्या अंगाले लोखंड लागणार नाही."

तो काठी उचलून निघून गेला. कोकिळेनं समोर बसून शकूला दोन्ही काखांत धरून उभं केलं आणि ती त्या पायाशीच बोलली. 

"कोणी का असशीन... हुकूम सोडता येते ना तुले? मंग सोड. चालव तिले. पण माझ्याकडे."

थोडा वेळ काहीच नाही. मग उजवा पाय उचलला गेला... आणि मागच्या दाराकडे वळला. कोकिळेनं पोरीला आपल्याकडे फिरवलं.

"इकडे."

पाय अडला. मग आला. पाठोपाठ डावा, पुन्हा उजवा. शकू हसत होती. सासूनं तोंडाला पदर लावून बोटानं जमीन दाखवली.

ओल्या राखेत डावी पावलं शकूची होती, इवलाली. उजवी मोठ्या माणसाची. कोकिळेनं त्यांच्याशेजारी आपलं पाऊल टेकवून पाहिलं. ते लहान पडलं.

तिनं पोतेऱ्यानं राख पुसून काढली, आणि पोरीला पुन्हा उभं केलं.

"चाल," ती म्हणाली.