रंग उजेडात पाहावा

डोक्याला स्कार्फ घट्ट गुंडाळून आणि हातात भिंतीचा पोपडा घेऊन ती रंगाच्या दुकानात शिरली, तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यातल्या त्यात हे बरं होतं. आज तिला माणसं नकोच होती.

"हा रंग हवाय," पोपडा पुढे करत ती म्हणाली. "अगदी हाच. थोडासाच लागेल."

काउंटरमागचा तरुण एका डब्याचं झाकण ठोकून बसवत होता. हातोडी वर गेली होती, ती तशीच वर राहिली.

"काय म्हणालात?"

"रंग हवाय. या पोपड्यासारखा."

"कुठल्या भिंतीला?"

"न्हाणीघराच्या."

"भिंत केवढी आहे?"

"भिंत जेवढी असते तेवढी! डाग तेवढा वीतभर आहे."

"आणि... डाग कसला?"

हा माणूस रंग विकतो की उलटतपासणी घेतो, असं तिच्या मनात आलं. पण त्याने पोपडा उचलला, दारापाशी नेला, ढगातून येणाऱ्या उजेडात धरून असा काही न्याहाळला की सोनाराने हिरा पाहावा. तो उभा होता तिथेच वर एक पाटी होती. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'रंग उजेडात पाहूनच घ्या.' आत छताला लटकलेले दिवे पिवळे होते आणि त्यांच्याखाली सगळेच डबे आजारी दिसत होते.

"डाग कसला ते सांगितलं नाहीत," तो परत येत म्हणाला.

उत्तर द्यायची वेळच आली नाही. भिजून जड झालेल्या स्कार्फची गाठ सुटली आणि डाग कसला ते त्याला आपोआप कळलं.

झालं होतं असं. बाईसाहेबांनी घरच्या घरी केस रंगवले होते. खोक्यावरच्या बाईचे केस तपकिरी होते, मंद, शहाण्यासारखे. मावशी ब्रश घेऊन मदतीला उभी राहिली, नेमका तिच्या नणंदेचा फोन आला, आणि नणंद-भावजयीचं बोलणं रंगलं की घड्याळाला कोण विचारतो! केस धुतले तेव्हा तपकिरीचा पत्ता नव्हता. डोक्यावर पितळेचा हंडा पालथा घातल्यासारखं काहीतरी लखलखत होतं. धसक्याने तिने मावशीच्या हातातला ब्रश झटकला तो भिंतीवर. घरमालकाने नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर.

"पितळ उघडं पडलं गं," मावशी हसू दाबत म्हणाली होती, आणि मग भाचीचा चेहरा पाहून तिचं हसू खरंच दबलं.

कारण सोमवार तोंडावर आला होता.

ती शहराच्या बसस्थानकात उद्घोषणा करायची. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, एक माईक आणि ती. गाड्या, फलाट, उशीर, हरवलेली मुलं, सगळं तिच्या आवाजातून लोकांपर्यंत जायचं. पण सोमवारपासून ते काम मशीन करणार होतं आणि तिला खाली चौकशीच्या खिडकीत बसायचं होतं. काचेमागे, दिवसभर, सगळ्यांसमोर. नोकरी टिकली होती, त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण पूर्वी कधीतरी एक प्रवासी चुकून त्या खोलीत डोकावला होता. तिच्याकडे पाहून तो सोबत्याला म्हणाला होता, "अरे, ही होय! आवाजावरून वाटलं नव्हतं."

एवढंच. तो विसरूनही गेला असेल. ती विसरली नव्हती. खिडकीत बसायचं म्हणजे तेच वाक्य दिवसभर लोकांच्या डोळ्यांत वाचायचं, या भीतीपोटी तर ते खोकं घरात आलं होतं.

रंगवाला हसला नाही. त्याने काउंटरवर कोपर टेकले आणि तिच्या डोक्याकडे पाहिलं. की चेहऱ्याकडे? तिला नीट कळलं नाही.

"नारिंगी झालेत," तो म्हणाला.

"अय्या, हो का? मला वाटलं मीच एकटी बघतेय."

"नारिंगीला निळा मारतो. साधा हिशोब आहे. पांढरे कपडे पिवळट दिसायला लागले की नीळ घालतात ना, तसंच. निळा शॅम्पू मिळतो, दोन-तीनदा लावा. बसतील शांत."

"तुम्ही भिंती रंगवता की डोकी?"

"अजून तरी भिंतीच."

"म्हणजे माझं डोकं तुम्हाला भिंत वाटतं."

"छे हो..." त्याचे कान लाल झाले. "भिंतीला मी इतके प्रश्न विचारत नाही."

मग त्याने पोपड्याशी जुळणारा रंग कालवून डबी पुढे सरकवली. तिने डबी उचलली, स्कार्फ बांधला आणि पावसात निघून गेली. मागे हातोडीचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

निळा शॅम्पू तीनदा लावून झाला आणि रविवारी सकाळी मावशीने न्हाणीघराच्या दारातूनच किंकाळी फोडली.

"अगं बाई! कळकलं की गं पितळ! आता कल्हईवाल्याला बोलवू का?"

आरशात हिरवट केस होते. शेवाळ धरलेल्या टाकीसारखे. ती रडली नाही, कारण रडायच्या आधी भांडायला एक माणूस होता. न्याहारी न करताच ती निघाली. दुकान अर्धवट उघडं होतं. आत पाऊलही न टाकता तिने फुटपाथवरच स्कार्फ ओढून काढला.

"या, बघा! तुमचा साधा हिशोब!"

तो बाहेर आला. आज पाऊस नव्हता, स्वच्छ ऊन होतं. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"हे पिवळे होते," तो पुटपुटला.

"हिरवे आहेत!"

"आत्ता हिरवे. पण मुळात पिवळे होते. आमच्या दिव्यांखाली नारिंगी दिसले. पिवळ्यात निळा गेला की..."

"हिरवा. बालवाडीत शिकलेय मी."

"जांभळा हवा होता. चूक माझी आहे. सगळी माझी."

तिने पाटीकडे बोट दाखवलं. "ही कुणी लावलीय?"

"मीच."

"भिंतीचा पोपडा दारात नेऊन पाहिलात. माझे केस का नाही?"

 त्याचे कान पुन्हा लाल झाले. चूक झालेल्या माणसाने इतकं लाजायचं कारण काय, हे काही तिच्या लक्षात येईना.

"सांगेन," तो शेवटी म्हणाला. "पण आधी निस्तरतो. वर चला. वहिनीचं पार्लर आहे."

पार्लर हा शब्द ऐकूनच ती मागे सरली. चारचौघींसमोर स्कार्फ सोडायची हिंमत असती तर ती कालच कुठेतरी गेली नसती का?

"आज बंद आहे," तो हलकेच म्हणाला. "कुणी नाही तिथे."

जिन्यावर टर्पेंटाइनचा वास शॅम्पूच्या वासाला जिथे भेटत होता, तिथे वहिनी उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिने एकदा त्या डोक्याकडे पाहिलं आणि एकदा दिराकडे.

"भावजी, केस म्हणजे काय डिस्टेंपरची भिंत वाटली तुम्हाला?"

"चुकलं, वहिनी."

"ते दिसतंच आहे. अगं बस बाई, घाबरू नकोस. याहून वाईट डोकी पाहिलीत मी. त्यातलं एक माझं होतं."

मग वहिनीने ते केस धुतले, पुन्हा धुतले, निळा रंग पाण्याबरोबर वाहून जाईपर्यंत धुतले. कोमट पाणी, डोक्यावर फिरणारी जाणती बोटं... काल सकाळपासून आखडलेले तिचे खांदे पहिल्यांदा सैल झाले. बशीत वहिनीने थोडा तपकिरी रंग घेतला आणि त्यात जांभळा घातला, अगदी भाजीत मीठ घालावं तसा, हाताच्या अंदाजाने.

"आधी मानेवरच्या एका बटेला लावू," ती म्हणाली. "जमलं तर बाकीच्यांना. भावजी, माझे हात भरलेत. बट तुम्ही धरा आणि गॅलरीत जाऊन बघा. या वेळी उजेडात!"

दोघं गॅलरीत गेले. ती कठड्याला टेकून पाठमोरी उभी राहिली. त्याने ती ओली बट दोन बोटांत धरली... फुलपाखरू धरल्यासारखी, दाबलं तर जाईल आणि सोडलं तरी जाईल. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"अजून जरा पिवळं आहे. थांबावं लागेल."

"मला घाई नाही," ती म्हणाली आणि आपण असं का म्हणालो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

थांबायचं होतं, म्हणून ती बोलली. समोर चेहरा नसला की तिला बोलता यायचं, माईकसमोर यायचं तसंच. तिने खिडकीचं सांगितलं. सोमवारचं सांगितलं. त्या प्रवाशाचं वाक्यही सांगितलं, जे तिने मावशीलासुद्धा सांगितलं नव्हतं.  बटेवरची त्याची बोटं क्षणभर घट्ट झाली.

"हसलात ना?"

"नाही." त्याचा आवाज जरा घोगरा होता. "उद्या कुणी तसं म्हणालं तर?"

"तर काय... खिडकी थोडीच बंद करता येते?"

तो काहीतरी बोलणार होता. तिला ते पाठीला जाणवलं. पण त्याने एक श्वास घेतला आणि म्हणाला, "आता बघा. जमलाय रंग."

उन्हं उतरेपर्यंत सगळे केस तपकिरी झाले. अक्रोडाच्या कवचासारखे. कानामागे तेवढी एक बारीक बट पितळीच राहिली. वहिनी ब्रश घेऊन पुन्हा उठली, तर ती म्हणाली, "राहू द्या ती. आठवण."

"कुणाची?" वहिनीने भोळेपणाने विचारलं. रंगवाला तेवढ्यात टॉवेल शोधायला आत गेला होता. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

निघताना तिने जिन्यात त्याला अडवलं. "सांगणार होतात. उजेडात का नाही नेलंत?"

"आज नाही," तो म्हणाला. "आज सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही."

सोमवारी चौकशीच्या खिडकीत सकाळचं ऊन सरळ तिच्या डोक्यावर पडत होतं. वरून मशीनचा आवाज येत होता, चोख आणि कोरडा. पहिल्या माणसाने मान वर केली तेव्हा तिचे तळहात घामेजले. त्याला फक्त बस हवी होती. दुसऱ्यालाही. एका बाईला स्वच्छतागृह कुठे ते हवं होतं, एका गृहस्थाला काल हरवलेली छत्री. तिच्या केसांशी कुणालाही कर्तव्य नव्हतं. हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढा जीव टांगणीला लावला, तो या लोकांसाठी?

आणि मग काचेपलीकडे तो उभा होता. धुतलेला शर्ट, नखांच्या कडेला राहिलेला पांढरा रंग.

"बस कुठल्या फलाटावर लागेल?"

"कुठली बस?"

"कुठलीही."

"अहो, मागे रांग आहे."

"माहितीये. पटकन सांगतो." पण त्याला पटकन जमेना. त्याने खिडकीची कड धरली. "मी रोज इथूनच जातो. रोज तुमचा आवाज ऐकतो. 'कृपया' म्हणायच्या आधी तुम्ही एक छोटा श्वास घेता. तो ऐकला की माझा दिवस सुरू होतो. परवा तुम्ही दुकानात येऊन म्हणालात, रंग हवाय... आणि मी ओळखलं. ते सगळे प्रश्न भिंतीसाठी नव्हते हो. तुम्ही बोलत राहावं म्हणून होते. रंग बघायचं भानच नव्हतं मला. उजेड आहे की अंधार, तेही कळत नव्हतं. नुसते कान चालू होते."

 वर मशीन कुठल्याशा गाडीचं नाव घेत होतं.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"ते वाक्य ऐकल्यावर? तुम्हाला वाटलं असतं, मी समजूत घालतोय."

आता विचारायचं एकच उरलं होतं. इतक्या दिवसांत ते तिने कुणाला विचारलं नव्हतं, कारण उत्तराची भीती वाटायची. तिने विचारलं. "आणि मला पाहिल्यावर? तेव्हा काय वाटलं?"

तो हसला. सगळा चेहरा उजळला त्याचा.

"पाहिल्यावर वाटलं... अरे, ही होय!"

तेच शब्द. तस्सेच. पण हे बोलणाऱ्याला कधीचं शोधत असलेलं काहीतरी सापडलं होतं. ते जुनं वाक्य तिने आत कुठे जपून ठेवलं होतं, ते तिला शोधूनही सापडेना. डोळे भरून आले, आणि ऐन चौकशीच्या खिडकीत रडायचं नाही म्हणून ती हसली.

"काय ते ठरवा बाबांनो," रांगेतले एक आजोबा मागून म्हणाले, "पण रांग पुढे सरकू द्या!"

बाहेर एक बस फलाट सोडून वळली.

"तुमची गाडी गेली," ती म्हणाली.

"जाऊ दे. पुढची कधी आहे?"

तिने वेळापत्रकाकडे पाहिलं नाही. पितळी बट कानामागे सारली, काचेजवळ वाकली आणि एक छोटा श्वास घेतला.

"कृपया लक्ष द्या. पुढची गाडी संध्याकाळी, माझी ड्युटी संपल्यावर सुटेल. प्रवाशाने मोठ्या दारापाशी थांबावं... आणि उजेडात उभं राहावं."

मग तिने डोळे पुसले आणि आजोबांना कुठे जायचंय ते विचारलं.