तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये

घरापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर पाच स्पीडब्रेकर होते आणि घड्याळजींना पाचही तोंडपाठ होते. पहिला वळणावर, पाचवा थेट दवाखान्याच्या फाटकासमोर. मधल्या तिन्हींचा रंग केव्हाच उडाला होता.

बायकोला सातवा महिना लागला होता. दर सोमवारी सकाळी तपासणी. घड्याळजी मोटरसायकल अशी काही हाकत की सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जात. एकाने तर विचारलंही होतं, "काका, ढकलू का?" घड्याळजी असल्यांना भीक घालत नसत.

त्यांची एक पद्धत होती. उंचवटा जवळ आला की ते म्हणत, "आला." मागे बायको पाय रोवून अंग किंचित उचलून धरी. मागचं चाक खाली उतरलं की ती म्हणे, "गेला." ते ऐकल्याशिवाय घड्याळजी वेग वाढवत नसत.

कारण दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आणखी एक होता. नुकताच घातलेला, बिनरंगाचा. घाईत तो त्यांना दिसलाच नाही आणि दोघंही सीटवरून उडाली. चार दिवसांनी पाचव्या महिन्यातलं मूल गेलं. डॉक्टरीणबाईंनी परोपरीने सांगितलं की त्या धक्क्याचा याच्याशी संबंध नाही. पुढे तक्रारी झाल्या, तो स्पीडब्रेकर उखडला गेला, डांबर सपाट झालं. घड्याळजींच्या मनातून मात्र तो हलला नाही.

आणि आता, एका सोमवारी, तिसरा ओलांडला आणि सपाट रस्त्यावर त्यांची जीभ घसरली.

"आला."

गाडी चढली. आधी पुढचं चाक, मग मागचं. धक्का असा नव्हताच, काहीतरी मऊ होतं. घड्याळजी थांबले. मागून शब्द येईना.

"काय गं?"

"अजून गेला नाही," बायको म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं. सपाट डांबर, त्यावर एक वाळकं पान. दुसरं काही नाही.

त्या दिवसापासून गाडी मागून जड लागू लागली. घड्याळजी यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस; ते सरळ मेकॅनिककडे गेले.

"ट्रिपल सीट हाकता वाटतं?" मेकॅनिक म्हणाला. "स्प्रिंग पार बसलीय."

"आम्ही दोघंच असतो."

"दोघांनी एवढी नाही बसत." तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. गाडी स्टँडवर होती, सीट रिकामी होती, आणि स्प्रिंग दबलेली होती. त्याने हात पुसले. "दुसरीकडे दाखवा, साहेब," तो म्हणाला आणि आत गेला.

घड्याळजी घाबरले. पुढच्या सोमवारी त्यांनी चालत जायचं सुचवलं.

"पाय बघा माझे, कसे सुजलेत," बायको म्हणाली. "तुम्ही जपून न्या म्हणजे झालं."

निघाले. पहिला. दुसरा. तिसरा. पुढे त्यांनी ओठ दाताखाली धरले. एक शब्द काढला नाही.

गाडी चढली नाही.

त्यांनी श्वास सोडला, आणि मागून बायको शांतपणे म्हणाली, "गेला."

स्प्रिंग कुरकुरली. गाडीचं मागचं अंग वर आलं. हातात हँडल हलकं लागलं, पूर्वीसारखं. घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो एकदाचे, असं त्यांना वाटलं.

दवाखान्यात बायको खाटेवर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर ठोके ऐकू येऊ लागले. भरभर, स्वच्छ. घड्याळजी कोपऱ्यातल्या खुर्चीत हसत बसले.

बाईंनी यंत्र जरा बाजूला सरकवलं.

आता ठोके वेगळे होते. किंचित मंद. हे दुसरं घड्याळ आहे, हे घड्याळजींना कुणी सांगायला नको होतं.

बाईंनी यंत्र पहिल्या जागी नेलं, परत आणलं. फाईल उघडून मागचे कागद पाहिले.

"सोनोग्राफीत तर एकच होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग हा दुसरा ठोका कुठून आला?"

खाटेवर बायकोने डोळे मिटले, दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि सवयीने अंग किंचित उचलून धरलं.